चार्जिंगची पिन बदलायचीय? आधी बोर्ड सांभाळा

आईच्या भजनांच्या स्पीकरची वायर दोन महिने एका ठरावीक कोनातच धरावी लागत होती. सुरुवातीला वायरीखाली काडेपेटी ठेवली, मग काडेपेटीवर घडी घातलेला कागद, आणि शेवटी शेवटी वायर दबून राहावी म्हणून वरून चष्म्याचं घर. लाल दिवा लागला की त्या टेबलाजवळून कोणी जायचं नाही. मग एक दिवस काही केल्या दिवा लागेना. दुकानात नेला तर उत्तर मिळालं, "पिन गेलीय, बोर्ड बदलावा लागेल, त्यापेक्षा नवीनच घ्या." घरी आणून उघडला. बोर्ड ठणठणीत होता. पत्र्याची ती इवलीशी डबी एका बाजूनं उचलली गेली होती, बाकी कशाला काही झालं नव्हतं.

या डबीला सगळे 'चार्जिंगची पिन' म्हणतात. खरं तर पिन वायरीच्या टोकाला असते आणि बोर्डावर असते ती तिची खोबण. पण दुकानात "पिन द्या" म्हटलं की समोरच्याला बरोबर कळतं, म्हणून मीही पिनच म्हणणार आहे.

ही पिन बाजारात पाच-दहा रुपयांना मिळते. ती ज्या तांब्यावर बसते ते तांबं मात्र बोर्डाचं असतं आणि ते विकत मिळत नाही. पिन बदलण्याचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा जुनी पिन काढताना. म्हणून इथे काढण्याबद्दल जास्त लिहिलंय, बसवण्याबद्दल कमी.

पिन मोडते म्हणजे काय होतं?

आईच्या स्पीकरला आणि बऱ्याच जुन्या फोनना असते ती मायक्रो यूएसबीची पिन. मायक्रो यूएसबी २००७ साली आलं. त्याची पिन १०,००० वेळा घालण्या-काढण्याच्या हिशेबानं बनवलेली असते. त्याआधीच्या मिनी यूएसबीला हीच मर्यादा ५,००० होती. दिवसातून दोनदा चार्जिंगला लावलं तरी १०,००० वेळा व्हायला तेरा वर्षांहून जास्त काळ लागेल. आणखी एक गोष्ट त्या रचनेत जाणूनबुजून केली आहे. पकड धरणाऱ्या, झिजणाऱ्या स्प्रिंगा बोर्डावरच्या पिनेत न ठेवता वायरीच्या टोकाला दिल्या आहेत, म्हणजे आधी झिजेल ती वायर. म्हणून स्पीकर असो, पॉवर बँक असो की जुना फोन, स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दुसरी चांगली वायर लावून बघा. मग टाचणीनं नव्हे, लाकडी टूथपिकनं आतला कचरा काढा. खिशातल्या फोनच्या पिनेत कपड्याचे तंतू दाबून दाबून गठ्ठा होतो आणि वायर पुरती आत जातच नाही. निम्म्या 'बिघडलेल्या' पिना इथेच बऱ्या होतात.

मग उरलेल्या मोडतात कशानं? आडव्या जोरानं. वायरीचं टोक पिनेच्या बाहेर दोन-तीन सेंटिमीटर आलेलं असतं आणि पिन स्वतः जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांब. म्हणजे ती एक तरफच झाली. टोकाशी वायर हलकीच ओढली गेली तरी मुळाशी तिचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. हा जोर पत्र्याच्या डबीच्या चार पायांनी झेलायचा असतो. पाय बोर्डाच्या भोकांतून आरपार गेलेले असतील तर ते वर्षानुवर्षं झेलतात. स्वस्त वस्तूंमध्ये ते नुसते वरून चिकटवलेले असतात, आणि तिथेच घात होतो. एक पाय सुटला की डबी डुलायला लागते आणि सगळा भार मागच्या पाच नाजूक तारांवर येतो.

या पाच तारा एकमेकींपासून ०.६५ मि.मी. अंतरावर असतात. प्रत्येक तार बोर्डावरच्या तांब्याच्या एका चिमुकल्या पट्टीवर सोल्डर केलेली, म्हणजे वितळवलेल्या धातूनं जोडलेली, असते. त्या पट्टीला पॅड म्हणतात. पॅडची रुंदी साधारण ०.४ मि.मी., जाडी बहुतेक बोर्डांवर ३५ मायक्रॉन, म्हणजे बारीक केसाएवढी. खाली काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी यांचा थर असतो आणि त्यावर हे तांबं नुसतं चिकटवलेलं असतं. १ मि.मी. रुंदीची अशी पट्टी उचकटायला शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाइतकी ओढ पुरते. त्या हिशेबानं पिनेचा एक पॅड उचकटायला एखाद्या लहान लिंबाचं वजन पुरेसं आहे. आणि हे थंड असतानाचं गणित. साध्या बोर्डाची इपॉक्सी १३०-१४० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागते. सोल्डरिंगची इस्त्री ३५० अंशांवर असते. म्हणजे आपण काम करतो तेव्हा प्रत्येक पॅड आपल्या सर्वांत दुबळ्या अवस्थेत असतो.

माझ्याकडून पहिला बोर्ड असाच गेला होता. सोल्डर वितळलंय असं वाटलं, पक्कडनं पिन ओढली, ती सहज आली. उलटी करून बघितली तर तिच्या पायांना तीन पॅड चिकटलेले होते. एक पाय अजून घट्ट असताना मी ओढलं होतं. तेव्हापासून एकच नियम पाळतो: पिन ओढायची नाही. सगळे सांधे एकदम वितळलेले असले की ती आपोआप तरंगायला लागते आणि चिमट्याचं टोक लागताच सरकते. सरकत नसेल तर कुठेतरी अजून घट्ट आहे, थांबायचं.

सोल्डर, फ्लक्स आणि कल्हई

ज्यांनी कल्हईवाल्याला काम करताना पाहिलंय त्यांना सोल्डरिंग वेगळं शिकवावं लागत नाही. तो पातेलं भट्टीवर तापवायचा, त्यात नवसागराची पूड टाकायचा, भसकन पांढरा धूर यायचा, कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाचा बोळा एकदा फिरवला की काळपट पितळेवर चांदीसारखा थर पसरायचा. कथील नुसतं वितळवून ओतलं असतं तर त्याचे मणी होऊन घरंगळले असते. पसरलं ते दोन कारणांनी: भांडं स्वतः तापलेलं होतं, आणि नवसागरानं धातूवरचा गंजाचा थर खाऊन टाकला होता.

बोर्डावर हेच घडतं. सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं. नवसागराच्या जागी फ्लक्स, जो पाइनच्या झाडाच्या राळेपासून बनतो. खुद्द नवसागर किंवा नळकामाची आम्लाची पेस्ट बोर्डावर कधीही लावू नका. त्यानं सांधा आज सुंदर दिसतो आणि काही महिन्यांत तांबं हिरवं पडून खाल्लं जातं.

शिकाऊ माणसाची हमखास होणारी चूक म्हणजे सोल्डर इस्त्रीच्या टोकावर वितळवून ते पॅडवर 'ठेवायला' जाणं. पॅड थंड, त्यामुळे त्यावर गोळा बसतो, चिकटत नाही. इस्त्रीनं पॅड आणि पाय दोन्ही तापवा, एक-दोन सेकंदांत त्याच जागी सोल्डरची तार टेकवा. ती तापलेल्या धातूला लागून वितळली पाहिजे.

इस्त्रीचं टोक सुईसारखं घेऊ नका. काम बारीक आहे म्हणून टोकही बारीक हवं असं वाटतं, पण सुईच्या टोकातून उष्णता जाते फार थोडी. मग तेच टोक दहा-दहा सेकंद टेकवावं लागतं आणि तेवढ्यात पॅडखालची इपॉक्सी सुटते. दोन-अडीच मि.मी.चं चपटं, पटाशीसारखं टोक दोन सेकंदांत काम करून बाजूला होतं.

सोल्डरचे दोन प्रकार समजून घ्या, कारण काढताना त्याचाच उपयोग करायचा आहे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना एकदम वितळतं. युरोपीय संघानं १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंधन घातलं, तेव्हापासून कारखान्यातून येणाऱ्या बोर्डांवर सहसा शिसंविरहित सोल्डर असतं: कथील ९६.५ टक्के, चांदी ३, तांबं ०.५. ते वितळायला २१७ ते २२० अंश लागतात. म्हणून घरच्या इस्त्रीला कारखान्याचा सांधा हट्टी वाटतो. त्यावर उपाय उलटा वाटेल असा आहे. सोल्डर काढायचं असेल तर आधी त्यात आणखी सोल्डर घाला. शिशाचं ताजं सोल्डर जुन्यात मिसळलं की मिश्रण कमी तापमानाला वितळतं आणि जास्त वेळ पातळ राहतं.

जुनी पिन काढताना

सर्वांत आधी बॅटरी. स्पीकरमधली लिथियम बॅटरी बोर्डाला दोन तारांनी जोडलेली असते. लाल तार सोडवा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा, मगच काळीला हात लावा. दोन्ही तारा एकदम कटरनं कापू नका, कटरच्या पात्यातूनच शॉर्ट होतो आणि ठिणगी उडते. बॅटरी फुगलेली दिसली तर दुरुस्ती तिथेच थांबवा. ती टोचू नका, दाबू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

दुकानांत गरम हवेची मशीन असते. साडेतीनशे अंशांची हवा गोल फिरवत मारली की सगळे सांधे एकदम वितळतात. शेजारचे भाग आणि प्लॅस्टिक वाचवायला पिवळसर, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावतात. ही मशीन असेल तर उत्तमच. पण नुसती इस्त्री असेल तरी काम होतं, आणि आईच्या स्पीकरला मी तेच केलं.

जुनी पिन वाचवायची नाही, हे एकदा मनाशी ठरवलं की सगळं सोपं होतं. धारदार कटरनं पत्र्याची डबी वरून तुकड्या-तुकड्यानं कापली. आतली काळी प्लॅस्टिकची जीभ तोडून बाहेर काढली. मग बोर्डावर उरले फक्त पाच तारांचे शेंडे आणि डबीचे सुटे पाय. आता एका वेळी एकच सांधा तापवायचा होता. फ्लक्स लावला, पाचही शेंड्यांवर सोल्डरचा एकच लांबट गोळा केला, इस्त्रीचं चपटं टोक त्यावर आडवं ठेवलं. राखाडी, निस्तेज गोळा क्षणात पाऱ्यासारखा चकाकला आणि शेंडे त्यात हलायला लागले. चिमट्यानं एकेक बाजूला घेतला. पाय भोकांतून काढताना वेळ लागतो, कारण ते बोर्डाच्या ग्राउंडच्या, म्हणजे वीज परत जाण्याच्या वाटेच्या, मोठ्या पत्र्याला जोडलेले असतात आणि तो पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो. अशा ठिकाणी इस्त्री ३८० पर्यंत वाढवली तरी चालते. जोर मात्र वाढवायचा नाही.

बिस्मथचं सोल्डरही यासाठी मिळतं. ५८ टक्के बिस्मथ, ४२ टक्के कथील, वितळण्याचं तापमान १३८ अंश. दुकानात '१३८ची पेस्ट' म्हणून मागतात. ते जुन्या सांध्यात मिसळलं की सगळं बराच वेळ पातळ राहतं आणि अख्खी पिन अलगद निघते. मात्र नंतर ते पुरतं पुसून काढा. त्याचा सांधा ठिसूळ असतो, आणि शिशाशी मिसळलं तर मिश्रण १०० अंशांच्याही खाली वितळू शकतं.

उरलेलं सोल्डर तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं, म्हणजे डिसोल्डर विकनं, टिपून घ्यायचं. पट्टीला फ्लक्स लावा, पॅडवर ठेवा, वरून इस्त्री. पॅडवर ती घासू नका. आणि इस्त्री उचलायच्या आधी पट्टी उचला. आधी इस्त्री उचलली तर पट्टी पॅडला चिकटून गोठते, आणि ओढली की पॅडसकट येते.

नवी पिन

मायक्रो यूएसबीच्या पिना दिसायला सारख्या असल्या तरी पायांची रचना निराळी असते. पायांमधलं अंतर कुठे ५.९ मि.मी., कुठे ६.४, कुठे ७.२. कुठे चार पाय आरपार, कुठे दोन. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाताना जुनी पिन, तुकडे का असेनात, बरोबर न्या. मी कापण्याआधी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढून ठेवतो.

पाच तारांचा क्रम असा: पहिली ५ व्होल्ट, दुसरी आणि तिसरी माहितीच्या, चौथी ओळख पटवण्याची (आयडी), पाचवी ग्राउंड. नुसतं चार्ज होणाऱ्या स्पीकरला पहिली आणि पाचवी पुरते. मधला एखादा पॅड गेला असेल तर निराश व्हायचं कारण नाही.

पॅडवर सोल्डरचा अगदी पातळ थर आणि भरपूर फ्लक्स. पिन जागेवर बसवून एकच पाय टाचून घ्या, शिवणकामात टाका घालतात तसा. भिंगातून बघा. पाचही तारा पाचही पॅडच्या मधोमध आहेत ना? नसतील तर तो एक टाका पुन्हा तापवून सरकवा. चारही पाय पक्के केल्यावर ही सोय राहत नाही. मग इस्त्रीच्या टोकावर सोल्डरचा थेंबभर अंश घेऊन पाचही तारांवरून हलकेच ओढत न्या. मघाशी टोकावर सोल्डर नेऊ नका म्हटलं होतं, इथे चालतं, कारण पॅडवर फ्लक्स आधीच आहे. सोल्डर आपणहून तांब्याकडे धावतं. दोन तारांमध्ये पूल झाला तर घाबरू नका, फ्लक्स लावून स्वच्छ टोक फिरवलं की जास्तीचं सोल्डर टोकावर चढून येतं. शेवटी पायांना सोल्डर हात आखडता न घेता द्या, भोकं दोन्ही बाजूंनी भरलेली दिसली पाहिजेत. फ्लक्स डबीच्या आत वाहू देऊ नका, तो आतल्या तारांवर वाळला तर नवी पिनही जुन्यासारखीच वागते. बाहेरचा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं धुऊन काढा.

आईच्या स्पीकरचा पहिलाच पॅड, ५ व्होल्टचा, मुळात दोन महिन्यांच्या त्या ओढाताणीत उखडून गेला होता. अशा वेळी जंपर मारतात. पॅडपासून निघणारी तांब्याची रेघ भिंगातून शोधायची. ती जवळच्याच एखाद्या कपॅसिटरला किंवा फ्यूजला जाऊन मिळते. त्याच्या टोकाला ०.१ मि.मी.ची लाखेचा लेप असलेली तांब्याची तार सोल्डर केली, दुसरं टोक थेट पिनेच्या पहिल्या तारेला. ब्लेडनं वरचा हिरवा थर खरवडून रेघेवरही जोडता येतं, पण हात फार हलका लागतो. कपॅसिटरचा सांधा जास्त भरवशाचा.

आता बॅटरी जोडायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून पहिली आणि पाचवी तपासा. क्षणभर बीप होऊन थांबली तर तो कपॅसिटर भरतोय, ठीक आहे. सतत वाजत राहिली तर शॉर्ट आहे, शोधून काढा. चौथी-पाचवीत बीप आली तर लगेच खोडू नका, काही बोर्डांवर त्या दोन्ही मुद्दाम जोडलेल्या असतात. पहिली चाचणी लॅपटॉपवर नको, एखाद्या जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरवर घ्या. दहा मिनिटांनी पिनेला बोट लावा. सांधा कच्चा असेल, समजा अर्धा ओहम रोध राहिला असेल, तर १ अँपियर प्रवाहाला तिथे अर्धा वॉट उष्णता टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत तयार होते. बोटाला कळते.

टाइप-सीचं थोडं

टाइप-सीच्या पूर्ण पिनेत २४ तारा असतात, ०.५ मि.मी. अंतरानं, आणि काहींची मागची रांग डबीखाली लपलेली असते. नुसत्या इस्त्रीनं त्या वाटेला जाऊ नका, गरम हवा असलेल्या कारागिराकडे द्या. पण दोष कुठे आहे हे घरी ओळखता येतं. या पिनेत सीसी नावाच्या दोन तारा असतात आणि वस्तूच्या बोर्डावर प्रत्येकीला ५.१ किलोओहमचा रेझिस्टर असतो. नव्या चार्जरला त्यावरूनच कळतं की समोर काहीतरी जोडलंय, मगच तो वीज सोडतो. वायर एका बाजूनं घातली तर चार्ज होतं आणि उलटी घातली तर नाही, असं असेल तर एका सीसीच्या सांध्यावर संशय घ्या. दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या वायरीवर काहीच होत नाही, पण जुन्या चौकोनी यूएसबीच्या चार्जरवर होतं, तर बहुधा दोन्ही सांधे सुटलेत किंवा रेझिस्टरच दिलेले नाहीत. कारागिराला हे सांगितलंत तर त्याचा अर्धा तास वाचतो.

काम करताना खिडकी उघडी हवी. जो धूर दिसतो तो राळेचा असतो. इस्त्रीच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, पण राळेचा धूर दम्याच्या माणसाला त्रास देतो. शिसं बोटांवरून पोटात जातं, म्हणून मध्येच चहा-बिस्किट नको, आणि उठल्यावर साबणानं हात धुवायचे. घरात लहान मूल असेल तर सोल्डरचे कण टिपून टेबल ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

पिन बसल्यावर मी डबीच्या दोन्ही बाजूंना आणि जंपरच्या तारेवर अराल्डाइटची बारीक रेघ दिली, तोंडाकडे एक थेंबही जाऊ न देता, आणि रात्रभर तसंच ठेवलं. आईला सकाळी स्पीकर दिला तेव्हा ती पहाटेच्या अंधुक उजेडात नेहमीसारखी वायर चाचपडत होती. मायक्रो यूएसबीचं टोक एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळतं असतं, उलटं घातलं की जात नाही, आणि मग माणूस दाबतो. मूळची पिन तशीच गेली असणार. म्हणून बहिणीची लाल नेलपॉलिश घेतली, वायरीच्या टोकावर वरच्या बाजूला एक मोठा ठिपका दिला आणि तसाच दुसरा स्पीकरवर, पिनेच्या बरोबर वर. ठिपक्याला ठिपका आला की मगच आत घालायची, असं आईला सांगितलं.